खटका पडला की पाडला?

१

रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी सकाळी रिकामीच्या रिकामी निघाली, आणि त्यापायी एका बाईचा जीव जाता जाता राहिला.

ताईची भावजय नर्स होती, बाळंतपणं करणारी. दूरदूरच्या वस्त्यांवर जिथे दवाखाना नाही, तिथे हीच दवाखाना. फोन आला की बॅग उचलायची आणि निघायचं. त्या सकाळीही फोन आला, तिने बॅग उचलली, गाडीत बसली, आणि समोरच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा लाल. पोर्चच्या भिंतीवरचा चार्जर मेल्यासारखा; एक दिवा पेटलेला असेल तर शपथ. तिने पळत जाऊन बोळातला बोर्ड उघडला. चार्जरचा खटका खाली होता. तिने तो वर केला, पण वीज म्हणजे काय नळाचं पाणी, की बादली धरली आणि भरली? शेजाऱ्यापाजाऱ्यांची दारं वाजवून, कुणाची तरी गाडी मिळवून ती पोचली, तोवर बाळ जन्मलं होतं आणि आईचं रक्त थांबत नव्हतं. बाळ धडधाकट निघालं. आई इस्पितळात होती, अजूनही.

हे पहिल्यांदा झालं नव्हतं. पण याआधी कुणाच्या जिवावर बेतलं नव्हतं.

"ताई, कुणीतरी मुद्दाम करतंय हे," भावजय फोनवर म्हणाली. "तुमचे भाऊ म्हणतात तसा तो बिघाड नाही. तुम्ही या."

ताई आली. घराची थोरली लेक. तिचा धंदाच संशयाचा. विमा कंपनीतर्फे जळालेल्या घरा-गोदामांत शिरायचं आणि आग कशी लागली ते हुडकायचं. जो तो तिला एकच उत्तर द्यायचा, शॉर्टसर्किट. ताई म्हणायची, शॉर्टसर्किट बिचारं मुकं, म्हणून सगळे आपलं पाप त्याच्या पदरात टाकतात.

धाकटा भाऊ पोर्चमध्येच भेटला. तिने चप्पल काढायच्या आतच त्याने निकाल सांगून टाकला.

"ओव्हरकरंट. दुसरं काय असणार? मागच्या खोलीत ती कुंभारीण राहते ना, तिची विजेची भट्टी आहे. ती भट्टी लावते, वीज खेचते, आपला खटका पडतो. मी तिला जागा सोडायला सांगितलंय."

"तिने कबूल केलं?"

"कबूल कशाला करेल? तू बोर्ड बघ ना. दारावर तिच्या मातीचे हात उमटलेत."

२

बोर्ड बोळात होता, घराच्या आणि मागच्या खोलीच्या मधोमध, चांगला डोक्याच्या वर. पत्र्याच्या झाकणावर खरंच मातीची बोटं होती, करडी, वाळून भेगाळलेली. ताईने चष्मा पुसला आणि झाकण उघडलं.

आत खटक्यांची रांग होती. सगळ्यात मोठा अख्ख्या घराचा, मग दिवे, पाण्याचा पंप, कुंभारणीची खोली, चार्जर. मातीचे डाग फक्त झाकणावर आणि कुंभारणीच्या खटक्यावर. चार्जरचा खटका स्वच्छ, पांढराशुभ्र. बाकीचे जुन्या, पिवळ्या पडलेल्या दातांसारखे, आणि हा एकटाच नवा कवळीसारखा.

कुंभारीण दारातच उभी होती, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, कपाळावर आठ्या.

"आलात मला काढायला? काढा. पण चोर सोडून संन्याशाला फाशी देताय एवढं सांगते."

"बोर्डाला हात तुम्हीच लावलात ना?"

"माझा खटका माझा मी बंद करते, भट्टी निवली की. तुमच्या चार्जरला मी कशाला शिवू? आणि त्या दिवशी तर भट्टी थंड होती. भांडी कच्ची होती, ओली. ओलं भांडं भट्टीत घातलं तर फुटतं, बाई. विचारा कुणालाही."

ताईने कुणालाही विचारलं नाही. तिला एक साधी गोष्ट दिसत होती. भट्टीची तार वेगळी, चार्जरची तार वेगळी. दोन्ही मिळून वीज फार झाली असती, तर अख्ख्या घराचा मोठा खटका पडला असता आणि घर अंधारात गेलं असतं. एकट्या चार्जरचा खटका भट्टीमुळे पडणं म्हणजे शेजाऱ्याने जेवल्यामुळे आपल्याला ढेकर येण्यापैकी.

"मग तुम्हाला कुणाचा संशय येतो?" तिने विचारलं.

कुंभारणीने हात फडक्याला पुसले. आवाज खाली आणला.

"भिंती पातळ आहेत हो. तुमचे भाऊ बायकोशी भांडतात. 'हे वेळीअवेळी गाडी काढून जाणं बंद कर, नाहीतर मी बंद करीन,' हे माझ्या या कानांनी ऐकलंय. आता कोण काय बंद करतंय ते तुम्ही बघा."

३

वायरमन आला तो फुरंगटूनच. चार्जर त्याने बसवला होता आणि भाऊ त्याच्या नावाने गावभर बोटं मोडत फिरत होता.

"मी सांगून गेलो होतो," तो बोर्डासमोर उभा राहून म्हणाला. "भिंतीतून पोर्चपर्यंत जुनीच तार आहे, बारीक. मी म्हटलं, नवी जाड तार ओढू. तुमचे भाऊ म्हणाले, भिंत फोडायची नाही, नुकताच रंग दिलाय. मग मी चार्जर सोळा अँपिअरवर बांधून ठेवला आणि वीसचा खटका लावला. हळू भरेल, पण धोका नाही."

"हा वीसचा आहे?"

वायरमनने वर बघितलं. बघतच राहिला.

"हा माझा नव्हे. हा चाळीसचा आहे."

भाऊ मागेच उभा होता. "खोटं बोलतोय! यानेच लावलाय. आता अंगाशी आलं तर हात वर करतोय."

"माझ्या कामाची खूण तुम्हाला दाखवतो," वायरमन शांतपणे म्हणाला. "ताई, बाकीच्यांचे स्क्रू बघा. मी आवळला की त्यावर लाल रंगाचा ठिपका देतो, म्हणजे पुढे ढिला झाला तर ठिपका फिरलेला दिसतो. आहे ना सगळ्यांवर? आता या चाळीसवाल्याचे बघा."

ताईने टॉर्च मारला. सगळ्यांवर ठिपके होते. पांढऱ्याशुभ्र खटक्याचे स्क्रू कोरे होते, आणि एकाची खाच घसरलेल्या पेचकसाने खरवडून निघाली होती. कारागिराच्या हाताचं काम नव्हतं ते.

ताई भावाकडे वळली. तो तिथे नव्हता. त्याच्या चपला बोळातून लगबगीने दूर जात होत्या.

४

तिने त्याला लगेच गाठलं नाही. आधी भावजयीला स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला आणि म्हणाली, "तू तो खटका वर कसा केलास, ते मला करून दाखव."

"म्हणजे?"

"जसा केलास तसा. हवेत."

भावजयीने अंगठा वर नेला. एकदाच, टचकन.

"आधी खाली दाबला नाहीस?"

"कशाला? खालीच होता. पार खाली. सरळ वर केला."

"दरवेळी?"

"पूर्वी, अगदी सुरुवातीला, तो मध्येच लटकलेला असायचा. आधी खाली दाबायचा आणि मग वर, तेव्हाच बसायचा. मग मध्ये पडायचाच बंद झाला. मला वाटलं, सुटलो. आणि आता पुन्हा सुरू झालं ते हे असं."

ताईने चहा तसाच ठेवला.

या जातीचा खटका आपण होऊन पडला की अर्ध्यावर लटकतो. पार खाली जातो तो फक्त हाताने. आणि चार्जर सोळाऐवजी पुऱ्या जोरात, बत्तीस अँपिअरवर चालवला, तरी चाळीसच्या खटक्याला पडायचं मुळात कारणच नाही. सुरुवातीचा बिघाड खरा होता. आताचा बिघाड बिघाड नव्हताच. कुणीतरी बोर्ड उघडून खटका पाडत होतं.

"गाडी रिकामी कोणत्या दिवशी निघते? काही ठरलेलं?"

"तेच तर! रोज नाही. मी लांबून आले, बॅटरी अगदी तळाला गेली, की नेमकी दुसऱ्या दिवशी. जवळच जाऊन आले असेन तर काही होत नाही. कुणाला तरी ठाऊक असतं ताई, मी कधी लांब जाऊन येते ते."

ते ठाऊक असणारी माणसं घरातच होती. ताईला ते पुढे बोलवेना. भावाचे शब्द कुंभारणीने ऐकले होते. खटका बदलणारा हात भावाचाच, हे आता उघड होतं. चाळीसचा बसवणारा आणि तोच पाडणारा एकच असेल तर हे सगळं बायकोला घरात बसवण्यासाठी. तिच्या पाठच्या भावाने! जळक्या घरांतून तिने अशी माणसं पाहिली होती, हसतमुख, चांगल्या घरची.

पण एक टोक जुळत नव्हतं. बायकोची गाडी बंद पाडायची, तर कुणी वीसच्या जागी मोठा खटका कशाला लावेल? मोठा खटका लावतो तो गाडी चालू राहावी म्हणून.

बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं. ती आत गेली, वडिलांना नुसतं बघायला, आणि उंबऱ्यातच थबकली.

बाबांचा पलंग खोलीच्या मधोमध होता.

५

बाबा भूगोलाचे मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात त्यांनी गॅस चालू ठेवून दिला होता आणि विसरून झोपले होते. तेव्हापासून भावाने शेगडीचं बटण काढून आपल्या कपाटात ठेवलं. तेव्हापासून बाबा काही बोलले की नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे, आणि बाबाही ते बघायचे.

"पलंग कुणी हलवला?"

"मी." बाबा खिडकीशी बसले होते, काठी मांडीवर आडवी. "एकेक पाय उचलून. अख्खी दुपार लागली."

"का?"

"तिथे झोप लागत नाही." मग एकदम, तिसरंच: "ती बाई कशी आहे गं? इस्पितळातली? बाळाला पाजते का?"

"बरी आहे म्हणतात."

"कोण म्हणतं? तू जाऊन पाहिलंस?"

सुनेच्या रुग्णांची चौकशी बाबा कधी करत नसत. ताट टीपॉयवर तसंच होतं, भाकरीला हात लागला नव्हता.

भिंतीच्या या बाजूला पूर्वी पलंगाची उशी असायची. त्या बाजूला पोर्च, आणि पोर्चात चार्जर. ताईने भिंतीवर तळहात ठेवला. गार. तिने भावजयीला हाक मारली.

"गाडी चार्जिंगला लाव. आता."

"आता? सकाळीच तर लांबून आले. बॅटरी तळाला आहे."

"म्हणूनच."

मग ती बाबांच्या शेजारी बसून राहिली. चहा आला, थंड झाला. ऊन खिडकीवरून सरकून कपाटावर गेलं. ताई मधूनमधून उठायची, तळहात ठेवायची, बसायची. सुरुवातीला काही नाही. मग कोमट. मग एका पट्ट्यात, कोपऱ्यापासून पार छताकडे जाणाऱ्या, भिंत अशी तापली की ताईने हात ठेवला आणि काढून घेतला. खोलीत वास येऊ लागला होता, जळक्या रबराचा, किंचित गोडसर. हा वास ती पुष्कळ घरांत शिरल्या शिरल्या ओळखायची. पण तेव्हा तिथे घर उरलेलं नसायचं.

"बंद करा!" ती ओरडत बोळात धावली.

वास येताच उठलेले बाबा तिच्या आधी तिथे पोचले होते. म्हातारा माणूस, गुडघे कुरकुरणारे, कसा पोचला देव जाणे. काठी उलटी धरून त्यांनी तिची आकडी वर नेली, झाकण उघडलं, नवाकोरा पांढरा खटका तिच्यात अडकवला आणि खाली ओढला. सराईतासारखा.

६

बोळात सगळे जमा झाले. कुंभारीणही आली, मातीच्या हातांनी. भावजय सासऱ्यांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता.

"तुम्ही?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही?"

"आधी याचं ऐक," ताई म्हणाली आणि भावाकडे वळली. "तू सांगतोस की मी सांगू?"

मग ताईनेच सांगितलं.

"सोळावर गाडी हळू भरते. बायकोला लांब जायचं असतं. तू चार्जरचं झाकण उघडून आकडा बत्तीसवर नेलास. मग वीसचा खटका पडायला लागला, कारण तो पडण्यासाठीच असतो. तो खरा ओव्हरकरंट. तेव्हा तू काय केलंस? रखवालदार भुंकतो म्हणून रखवालदारच बदललास. चाळीसचा आणून स्वतः बसवलास. खटका पडायचा थांबला, तुला वाटलं जिंकलो. पण भिंतीतली तार तीच राहिली, बारीक. बॅटरी तळाला असली की चार्जिंग तासन्‌तास चालायचं आणि तार तापत जायची. बाबांच्या उशाशी."

"मी तिच्यासाठीच केलं गं," भाऊ पुटपुटला. "वेळीअवेळी जाते, वाटेत कुठे अडकू नये म्हणून. भांडलो तेही काळजीने. नंतर त्या बाईचं तसं झालं, आणि मला... मला वाटलं खटका मी बदललाय हे कळलं तर सगळं माझ्यावर येईल."

"म्हणून माझ्यावर घातलंत," कुंभारीण म्हणाली.

भावजयीने नवऱ्याकडे बघितलंही नाही. ती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली होती.

"बाबा, भिंत तापायची, खटका तुम्ही पाडायचात. हे समजलं. पण मला एका शब्दाने बोलला का नाहीत? मी चार्जिंग झालं समजून झोपत होते. तिकडे एक बाई मरत होती!"

"बोललो होतो," बाबा म्हणाले.

"कधी?"

"जेवताना. म्हटलं, माझ्या खोलीची भिंत गरम लागते. तू याच्याकडे बघितलंस. हा तुझ्याकडे बघून हसला. म्हणाला, बाबा, ऊन लागतं त्या भिंतीला. संध्याकाळी ऊन कुठलं? उत्तरेची भिंत ती. दिशा शिकवण्यात माझा जन्म गेला. मग वाटलं, असेलही. मलाच भास होत असेल. गॅसचं झालंच होतं. पण हात लावला की चटका बसायचा. आता पुन्हा बोललो तर मला कुठे नेऊन ठेवतील, या भीतीने गप्प बसलो. पाडायचा आणि झोपायचं. ती सकाळ उजाडली तेव्हा कळलं, माझ्या गप्प बसण्याचं काय झालं ते."

भावजय पाठ फिरवून आत निघून गेली आणि दार लावून घेतलं.

७

दुसऱ्या दिवशी वायरमनने भिंत फोडली. नव्या रंगाची खपली निघाली, मग गिलावा, मग पाइप. तार बाहेर ओढली तर तिचं वरचं आवरण हातात चुरचुरून सुटलं, करपलेल्या पापुद्र्यासारखं. एका जागी तांबं उघडं पडलं होतं आणि आजूबाजूची वीट काळी. बाबांची उशी असायची तिथून ती जागा हातभर होती.

भाऊ विटेकडे बघत भिंतीला टेकून खाली बसला. मग उठून मागच्या खोलीकडे गेला. कुंभारणीने त्याचं ऐकून घेतलं, पण राहते म्हणाली नाही. "बघते," म्हणाली. "तुम्ही माफी मागितलीत, चांगलं केलंत. पण मला भीती बसलीय या घराची." तिने दार लोटलं, आणि त्याने ते पुन्हा वाजवलं नाही.

दुपारी भावजय बाहेर आली. डोळे सुजलेले होते. डोक्याला रुमाल बांधून ती बाबांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"चला, कपडे बदला," ती म्हणाली. "मी तिला भेटायला चाललेय. का उशीर झाला ते मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

"अगं, त्यांना कशाला..." भाऊ बोलू गेला. ताईने त्याच्या दंडाला धरलं आणि तो गप्प झाला.

गाडीची बॅटरी रस्त्यावरच्या चार्जिंगवर भरून आणली होती. ताई मागे बसली, बाबा पुढे, सुनेच्या शेजारी.

इस्पितळातली बाई उशांना टेकून बसली होती, ओठ अजून पांढरे, बाळ कुशीत. बाबा खाटेशी उभेच राहिले. खुर्ची दिली ती नको म्हणाले. वर्गात उभं राहावं तसे उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, कुठे थांबले नाहीत, काही विसरले नाहीत, मुलाचं नावही मध्ये आणलं नाही. खटका मी पाडला, म्हणाले. माझ्यामुळे उशीर झाला.

बाईने ऐकून घेतलं. बाळाच्या तोंडावरून पदर सारखा केला. चेहऱ्यावर राग होता, आणि तो तिने लपवला नाही.

"घर जळणार होतं हे तुम्हाला कळत होतं," ती म्हणाली. "मग घरच्यांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "पण हळू सांगितलं."

ताईला वाटलं, आता ही निघून जा म्हणेल. भावजयीने बॅगेचा पट्टा मुठीत आवळून धरला होता.

"पुढच्या वेळी ओरडा," बाई म्हणाली. मग किंचित सरकली आणि खाटेच्या कडेला जागा केली. "आता बसा. कधीचे उभे आहात."